ख्रिसमस कॅक्टसची नवी रोपे: पेर मोडण्यापासून पहिल्या फुलापर्यंत

ख्रिसमस कॅक्टसचे एक झाड घरात असले की त्यापासून दहा झाडे करणे अवघड नाही, असे सगळेच सांगतात आणि ते खरेही आहे. तरीही माझी पहिली सात कलमे दोन आठवड्यांत कुजून गेली. ती मी कात्रीने कापली, त्याच संध्याकाळी बागेतल्या मातीत खोचली, रोज सकाळी पाणी घातले आणि मुळे फुटली का हे पाहण्यासाठी दर दोन दिवसांनी एकेक उपटून पाहिले. यांतली एकही गोष्ट दुर्लक्षातून झालेली नव्हती. दुसऱ्या खेपेस मी उलट टोकाला गेले. कॅक्टसच आहे तर त्याला काय होणार, असे म्हणून कलमे भर उन्हात ठेवली आणि पाणी जवळजवळ तोडले. ती कुजली नाहीत, पण लाल पडून कागदासारखी चुरगळली. तिसऱ्या खेपेस सहापैकी पाच जगली आणि त्यांतली दोन आजही फुलतात.

दोन्ही खेपांच्या चुकीचे मूळ झाडाच्या नावात आहे. नाव कॅक्टस असले तरी हे झाड वाळवंटातले नाही. आग्नेय ब्राझीलमधल्या समुद्राजवळच्या डोंगररांगांवर, दमट आणि सावलीच्या जंगलांत, झाडांच्या बेचक्यांत आणि खडकांच्या कपारींत साचलेल्या पालापाचोळ्यावर ते वाढते. बांडगुळाप्रमाणे ते दुसऱ्या झाडाचा रस शोषत नाही; आमरीप्रमाणे केवळ आधार घेते. तिथे पाऊस वारंवार पडतो, पण मुळांभोवती मूठभरच पाला असल्यामुळे पाणी तुंबून राहत नाही, आणि मुळांना ओल व हवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतात. शेतीच्या भाषेत सांगायचे तर या झाडाला कायम वाफसा हवा असतो. पुढे दिलेल्या प्रत्येक पायरीत काही अडले, तर हे बेचक्यातले झाड डोळ्यांपुढे आणावे. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. या झाडाची जी चपटी हिरवी पाने दिसतात ती पाने नसून खोडाचीच पेरे आहेत. फड्या निवडुंगाचे फडे हे जसे खोड असते, तसाच हा प्रकार. खोड असल्यामुळेच त्याच्या प्रत्येक सांध्यावर मुळे आणि नवे कोंब फुटण्याची क्षमता असते, आणि म्हणूनच दोन-तीन पेरांच्या तुकड्यातून संपूर्ण झाड उभे राहू शकते. असे झाड मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. बियांपासून केलेल्या रोपांत फुलांचा रंग बदलू शकतो, कलमात तो बदलत नाही.

१. झाड नेमके कोणते ते आधी पाहावे

ख्रिसमस कॅक्टस या नावाखाली तीन वेगवेगळी झाडे हातात येतात. तिन्हींची कलमे एकाच रीतीने होत असली, तरी त्यांच्या फुलण्याच्या वेळा निराळ्या असल्यामुळे कलमे करण्याची वेळही थोडी पुढे-मागे सरकते. त्यासाठी पेराची कड पाहावी. कडेला दोन ते चार टोकदार, खेकड्याच्या नांगीसारखे दाते असतील, तर तो थँक्सगिव्हिंग कॅक्टस, म्हणजे श्लुम्बर्गेरा ट्रंकाटा. बाजारात ख्रिसमस कॅक्टस म्हणून मिळणारी बहुतेक झाडे हीच असतात. कड गोलसर, नुसती लहरी घेतल्यासारखी असेल आणि पेरे खाली लोंबत असतील, तर तो खरा ख्रिसमस कॅक्टस, श्लुम्बर्गेरा बकलेयी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये दोन रानटी जातींच्या संकरातून तो तयार झाला. कड अगदी सपाट-गोल असून पेराच्या टोकाशी बारीक केसांसारखी राठ लव असेल, तर तो वसंतात फुलणारा ईस्टर कॅक्टस होय.

श्लुम्बर्गेरा हे प्रजातीचे नाव शार्ल लमेर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये फ्रेडरिक श्लुम्बर्गर या फ्रेंच संग्राहकाच्या सन्मानार्थ दिले. गंमत अशी की मूळ देशात नाताळाशी याचा काही संबंध नाही. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे ब्राझीलमध्ये हे झाड मेच्या सुमारास फुलते आणि तिथे त्याला मे महिन्याचे फूल असेच म्हणतात.

२. वेळ साधावी

कळ्या किंवा फुले असताना कलमे घेऊ नयेत. त्या काळात झाडाची सारी शक्ती फुलांकडे वळलेली असते, आणि कापलेला तुकडाही मुळे धरण्याऐवजी कळी पोसण्याचा प्रयत्न करतो. फुले गळल्यानंतर झाड साधारण महिनाभर स्वस्थ राहते आणि मग टोकांना नवी, चकचकीत, फिकट पेरे फुटू लागतात. हीच कलमांची सर्वांत चांगली वेळ. उत्तर गोलार्धात ती वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत असते. महिन्यापेक्षा तापमान महत्त्वाचे आहे. १८ ते २४ अंश सेल्सिअसमध्ये मुळे चांगली फुटतात, त्याहून बरेच गार असेल तर ती रेंगाळतात आणि तीस अंशांच्या वर कुज वेगाने पसरते.

झाड पडल्यामुळे किंवा धक्का लागल्यामुळे फांद्या अवेळी मोडल्या असतील, तर मुहूर्ताची वाट पाहू नये. कळ्या असल्यास त्या खुडून टाकाव्यात आणि कलमे लावून टाकावीत. यशाचे प्रमाण थोडे कमी राहील, इतकेच.

३. लागणारे साहित्य

- निरोगी, निदान दोन-तीन वर्षांचे मूळ झाड
- तळाला भोके असलेली आठ ते दहा सेंटिमीटर व्यासाची लहान कुंडी
- कोकोपीट किंवा पीट मॉस
- परलाइट (फुगवलेल्या खडकाचे पांढरे, हलके कण), ते नसल्यास धुतलेली जाड वाळू, मात्र समुद्राची नव्हे
- एक पातळ काडी किंवा पेन्सिल
- कोरडा कागद
- नावाची पट्टी आणि न पुसणारे पेन
- सुरी वापरावी लागल्यास ती पुसण्यासाठी सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल

मुळे फुटण्यासाठी मिळणारी संप्रेरक पावडर या यादीत मुद्दामच घेतलेली नाही. ती वापरल्याने नुकसान होत नाही, पण हे झाड तिच्यावाचून इतक्या सहज मुळे धरते की तिच्यासाठी खर्च करावा असे मला वाटत नाही.

४. पेरे निवडावीत

कलमासाठी दोन ते चार पेरांची साखळी घ्यावी. एकाच पेरालाही मुळे फुटतात, परंतु त्यात साठवलेले पाणी थोडे असते आणि त्याचे झाड दिसण्याजोगे व्हायला फार काळ जातो. पाच-सहा पेरांची लांब साखळी घेण्याचा मोह होतो, पण मुळे नसताना तिचे ओझे कुंडीत तोलत नाही. ती एका बाजूला कलते आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर नुकत्याच फुटलेल्या मुळ्या तुटतात.

टोकाचे अगदी कोवळे, अर्धवट वाढलेले पेर ज्या साखळीवर आहे ती टाळावी, कारण ते पेर लवकर सुकते. तळाशी खोडासारखे लाकडी झालेले भागही नकोत. मधल्या वयाची, बोटाने दाबल्यावर घट्ट लागणारी, गडद हिरवी पेरे उत्तम. एका पेरातून दोन फाटे फुटून इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार झालेला असेल, तर तो तुकडा आधी घ्यावा. त्याच्यापासून झालेले रोप पहिल्यापासूनच भरलेले दिसते. सांध्यांतून बारीक तांबूस केसांसारखी हवाई मुळे डोकावत असतील, तर अशी फांदी मिळणे हे नशीबच समजावे.

पिठ्या ढेकूण सांध्यांच्या खाचेत लपतात आणि बाहेरून कापसाचा कण पडल्यासारखे दिसतात. एखाद्या फांदीवर ते दिसले तर तिचे कलम करू नये, नाहीतर झाडाबरोबर कीडही दहा कुंड्यांत वाटली जाते.

५. कापण्याऐवजी पिळावे

एका हाताच्या चिमटीत वरचे पेर आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत खालचे पेर धरून सांध्यावर हलकेच पीळ द्यावा. पेर निरोगी असेल तर ते टक् करून सुटते आणि सांध्याएवढीच छोटी जखम राहते. पेराच्या मधोमध कापल्यास जखम पाचपट रुंद होते, आणि जितकी जखम मोठी तितका बुरशीला दरवाजा मोठा. जुनी, चिवट झालेली पेरे पिळून सुटत नाहीत. तेव्हा ओढाताण न करता अल्कोहोलने पुसलेल्या धारदार सुरीने नेमक्या सांध्यावरच काप द्यावा आणि दुसऱ्या झाडाकडे वळण्यापूर्वी सुरी पुन्हा पुसावी.

तुकडा हातात आल्याबरोबर त्याचा खालचा भाग कोणता हे ध्यानात ठेवावे. ही सूचना अनाठायी वाटेल, पण कागदावर दोन दिवस पडलेल्या पेरांत खाली-वर ओळखणे गोंधळाचे होते. ट्रंकाटाच्या पेरांचे दाते शेंड्याच्या दिशेने वळलेले असतात आणि पेराचा बुडखा निमुळता असतो, ही खूण लक्षात ठेवली की तुकडा उलटा लागत नाही.

मूळ झाडाच्या एकाच बाजूची पेरे काढू नयेत. चारी बाजूंनी थोडी-थोडी घेतली तर तेच छाटणीचे काम होते आणि जिथून पेर सुटले तिथे बहुधा दोन नवे कोंब येतात.

६. जखम सुकू द्यावी

नवखी माणसे सर्वांत जास्त वेळा वगळतात ती हीच पायरी. पिळून काढलेले तुकडे कोरड्या कागदावर, सावलीत, वारा खेळता असेल अशा जागी एक ते तीन दिवस आडवे ठेवावेत. हवा कोरडी असेल तर एक दिवस पुरतो. दमट असेल तर तीन दिवसही लागतात. जखमेवर पातळ, फिकट, किंचित कडक खपली धरली की तुकडा लावण्याजोगा झाला. ओली जखम ओल्या माध्यमात, म्हणजे लावणीच्या मिश्रणात, गेली की तिथल्या बुरशीसदृश जंतूंना, विशेषतः पिथियम आणि फायटोफ्थोरा यांना, आयतीच वाट मिळते आणि कलम मुळाशी नव्हे तर जखमेशीच कुजते.

या दोन-तीन दिवसांत पेर थोडे मलूल दिसले तरी पाणी शिंपडू नये. निवडुंगाच्या कुळातली झाडे आपली रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे त्यांच्या अंगचे पाणी सहजासहजी उडून जात नाही. विसरल्यामुळे आठवडाभर कागदावर राहिलेली कलमेसुद्धा मी लावली आहेत आणि ती जगली आहेत.

७. माध्यम तयार करावे

बागेतली माती वापरू नये. कुंडीच्या छोट्या जागेत ती दाबून बसते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि अनेकदा तिच्याबरोबर कुजीचे जंतूही येतात. कलमांसाठी निम्मे कोकोपीट आणि निम्मे परलाइट हे साधे मिश्रण पुरते. कोकोपीटमध्ये क्षार राहिलेले असू शकतात. म्हणून ते पाण्यात भिजवून एक-दोनदा पिळून धुऊन घ्यावे. परलाइटची धूळ नाकात जाऊ नये यासाठी ते मिसळण्याआधी ओले करावे. खत मात्र मुळीच घालू नये. ज्याला मुळेच नाहीत त्याला खताचा उपयोग नाही, आणि फुटू पाहणारी कोवळी मुळे खतामुळे भाजतात.

ओल किती असावी याची परीक्षा मुठीत होते. मिश्रण मुठीत घट्ट दाबावे; गोळा झाला पण बोटांच्या फटींतून पाणी ओघळले नाही, म्हणजे ओल बरोबर आहे. पाणी ओघळत असेल तर मिश्रण कागदावर पसरून तासभर ठेवावे.

८. लावणी

कुंडी काठापासून दीड-दोन सेंटिमीटर सोडून भरावी आणि वरून न दाबता एक-दोनदा आपटून बसवावी. काडीने भोक पाडून त्यात तुकड्याचे सर्वांत खालचे पेर एक तृतीयांश, फार तर निम्मे जाईल इतकेच उतरवावे. काडी न वापरता पेर नुसतेच खुपसले तर खपली खरवडली जाते आणि आधीचे दोन दिवस वाया जातात. पेर उभे राहत नाही म्हणून ते आणखी खोल खोचण्याचा मोह होतो. त्याऐवजी बाजूला एक पातळ काडी रोवून तिला ते टेकवावे.

एका कुंडीत तीन ते पाच कलमे, एकमेकांपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवून लावावीत. त्यांतले एखादे दगावले तरी कुंडी रिकामी दिसत नाही, आणि सगळी जगली तर एका कलमाच्या झाडाला यायला अनेक वर्षे लागतील असा भरगच्चपणा दुसऱ्याच वर्षी येतो. निरनिराळ्या रंगांच्या फुलांची कलमे एकाच कुंडीत लावण्याची कल्पना आकर्षक असली, तरी त्यांची वाढ आणि फुलण्याची वेळ जुळत नाही. एक रंग दुसऱ्याला झाकून टाकतो. म्हणून मी प्रत्येक कुंडीला एकच जात ठेवते आणि पट्टीवर मूळ झाडाच्या फुलाचा रंग व लावणीची तारीख लिहिते. फुलांवाचून निरनिराळ्या रंगांची झाडे एकमेकांपासून ओळखता येत नाहीत, आणि आपल्या लक्षात राहील हा भरवसा फसवा ठरतो.

९. पहिले सहा आठवडे

सर्वाधिक कलमे याच काळात जातात, आणि ती बहुधा पाण्याने जातात.

लावल्यानंतर पहिले चार-पाच दिवस पाणी घालू नये. माध्यमात आधीपासून असलेली ओल पुरेशी आहे. त्यानंतर वरचा दोन सेंटिमीटर थर कोरडा लागला की थोडे पाणी द्यावे, आणि कुंडीखालच्या बशीत उतरलेले पाणी लगेच ओतून टाकावे. दिवस मोजून पाणी घालण्याची सवय सोडावी, कारण एकाच कुंडीला पावसाळी हवेत दहा दिवस लागणार नाही आणि कोरड्या हवेत चौथ्या दिवशी लागेल. कुंडी हातात उचलून तिचे वजन ओळखायला शिकणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे: ओली कुंडी आणि कोरडी कुंडी यांतला फरक आठवडाभरात हाताला कळू लागतो.

जागा भरपूर उजेडाची, पण थेट उन्हाची नसावी. पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे कोवळे ऊन चालते. दुपारच्या उन्हात पेरे आधी लालसर आणि नंतर पिवळट होतात. लाली दिसली म्हणजे कलम मेले असे नव्हे. कुंडी दोन हात मागे सरकवली की बहुतेक वेळा हिरवेपणा परततो. खोलीतली हवा फार कोरडी असेल तर कुंडीवर भोके पाडलेली प्लास्टिकची पिशवी सैल घालावी आणि रोज थोडा वेळ काढून ठेवावी. हवा मुळातच दमट असेल तर पिशवी घालूच नये. तिच्या आत साचणाऱ्या वाफेने मदतीपेक्षा कुजच जास्त होते.

पहिल्या दोन आठवड्यांत पेरांवर बारीक सुरकुत्या पडतात. मुळे नसल्यामुळे कलम आपल्याच साठ्यातले पाणी वापरत असते आणि हे अपेक्षितच आहे. या सुरकुत्या पाहून माणूस घाबरतो, भरपूर पाणी ओततो, आणि जे कलम तहानेने मुळे शोधायला निघाले असते ते जागीच कुजते. सुरकुतलेले पेर कडक असेल तर वाट पाहावी. मऊ व पाणचट झाले असेल तरच काळजी करावी.

साधारणपणे तीन ते सहा आठवड्यांत मुळे फुटतात, कधी आठही लागतात. मुळे धरली का हे पाहण्यासाठी कलम हलकेच ओढून पाहावे, असा सल्ला अनेक जण देतात. मी तो देणार नाही. पहिल्या मुळ्या केसांएवढ्या नाजूक असतात आणि अंदाज चुकला तर त्याच तुटतात. कलम स्वतःहून सांगते: सुरकुत्या भरून येतात, पेर पुन्हा टणक होते आणि टोकाच्या सांध्यावर तांदळाच्या दाण्याएवढा, चकचकीत, बहुधा तांबूस कोंब दिसतो. तो दिसेपर्यंत कुंडीला हात लावू नये.

पाण्यात मुळे फुटवण्याची पद्धतही आहे आणि मुळे डोळ्यांनी दिसत असल्यामुळे ती मुलांना फार आवडते. खपली धरलेल्या तुकड्याचे केवळ खालचे टोक, एक सेंटिमीटरभर, पाण्यात राहील असे अरुंद तोंडाचे भांडे घ्यावे, पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलावे आणि मुळे दोन-तीन सेंटिमीटर झाली की लगेच माध्यमात लावावे. पाण्यात वाढलेल्या मुळांना माध्यमाची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून लावल्यानंतर पहिला आठवडा ओल नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवावी. थेट माध्यमात लावणे मला अधिक पसंत आहे, कारण त्यात एक स्थलांतर वाचते.

१०. कुज दिसली तर

कुजीची सुरुवात माध्यमाच्या पातळीवर होते. तिथे पेर काचेसारखे पारदर्शक, मग पिवळट-तपकिरी होते आणि बोट लावताच वरचा भाग कलतो. असे दिसताच कलम उपटावे, कुजलेले पेर सांध्यावर तोडून टाकावे आणि उरलेल्या पेराची तुटलेली बाजू नीट पाहावी. ती एकसारखी फिकट हिरवी असेल तर तो तुकडा पुन्हा सुकवून नव्या माध्यमात लावता येतो. मधोमध तपकिरी ठिपका दिसला तर कुज वर चढलेली आहे, तेव्हा आणखी एक पेर तोडावे. कुजलेल्या कुंडीतले माध्यम पुन्हा वापरू नये आणि कुंडी साबणाने धुऊन घ्यावी.

ओल्या माध्यमावर बारीक काळ्या माश्या घिरट्या घालू लागल्या, तर पाणी जास्त होत असल्याचा तो इशारा आहे. वरचा थर कोरडा पडू दिला की त्यांची अंडी व अळ्या टिकत नाहीत. पिठ्या ढेकूण दिसल्यास अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपून काढावा आणि आठवड्याने पुन्हा तपासावे. पाळीव मांजर किंवा कुत्रा पेरे चावत असेल तर त्याच्या जिवाला धोका नाही, हे झाड विषारी नाही. धोका कलमालाच आहे.

११. मुळे धरल्यानंतर

कोंब दिसू लागल्यावर महिनाभराने निम्म्या किंवा त्याहून कमी मात्रेत पातळ केलेले समतोल द्रवखत महिन्यातून एकदा द्यावे. कुंडी बदलण्याची घाई नको. या झाडाला मुळे दाटलेली आवडतात. तळाच्या भोकांतून मुळे डोकावू लागली की एकाच मापाने मोठी कुंडी घ्यावी, आणि या वेळी मिश्रणात सालीचे बारीक तुकडे व थोडे गांडूळखत मिसळावे. मोठ्या कुंडीत लहान रोप लावले तर न वापरलेली ओल तशीच पडून राहते आणि मूळकुज होते.

प्रत्येक फांदीला तीन-चार नवी पेरे आली की उन्हाळ्याच्या सुरुवातीस टोकाचे एक पेर पिळून काढावे, म्हणजे तिथे दोन फाटे फुटतात. काढलेली पेरे अर्थातच पुन्हा कलमे होतात. काही नव्या जातींवर पैदासकारांचे हक्क नोंदलेले असतात. कलमे विकण्याचा विचार असेल तर मूळ झाडाच्या कुंडीवरची पट्टी आधी वाचावी.

१२. पहिली कळी

चांगले वाढलेले कलम पहिल्याच हंगामात एखादे फूल देते, पण भरगच्च बहर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतो. कळी धरण्यासाठी झाडाला लांब रात्री लागतात: रोज निदान १२ ते १४ तास सलग अंधार, सहा ते आठ आठवडे. या काळात रात्री खोलीतला दिवा तासभर लागला तरी रात्र मोडते, आणि खिडकीतून येणारा रस्त्यावरचा दिवाही त्यासाठी पुरतो. रात्रीचे तापमान १० ते १५ अंशांच्या दरम्यान असेल तर अंधाराची अट बरीच सैल होते; उलट उबदार रात्रींत कितीही अंधार दिला तरी कळ्या कमी धरतात. हे आठवडे सुरू होण्याआधी खत बंद करावे आणि पाणी थोडे कमी करावे.

व्यावसायिक रोपवाटिकांची एक युक्ती घरीही करण्याजोगी आहे. कळ्या पूर्ण वाढलेल्या पेरांच्या टोकांवरच येतात, अर्धवट पेरांवर येत नाहीत. म्हणून लांब रात्री सुरू होण्यापूर्वी एक सेंटिमीटरहून लहान असलेली सगळी कोवळी पेरे पिळून काढली की उरलेली टोके एका वेळी कळ्या धरतात आणि झाड एकदम फुलते. कलमाच्या पहिल्या वर्षी मात्र हे करू नये. त्या वर्षी त्याला प्रत्येक पेर हवे असते.

कळ्या दिसल्यावर कुंडी हलवू नये, फिरवू नये, माध्यम पूर्ण कोरडे पडू देऊ नये आणि जवळ पिकत असलेली फळे ठेवू नयेत. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या गळतात. पहिले फूल उमलले की त्याचे पुंकेसर पाहावेत. पराग पिवळे असतील आणि फूल आडवे, एका बाजूला कललेले असेल, तर झाड ट्रंकाटा आहे. पराग गुलाबी-जांभळट असून फूल सरळ खाली लोंबत असेल, तर ते खरे ख्रिसमस कॅक्टस. आणि फूल चांदणीसारखे चहूबाजूंनी सारखे असेल, तर तो ईस्टर कॅक्टस. पेरांच्या कडेवरून लावणीच्या वेळी केलेला अंदाज चुकला असेल, तर कुंडीवरची पट्टी आता दुरुस्त करावी.